‘कसचं कसचं’ आणि ‘थँक यू’ : इंग्रजीतील स्तुती, तिचे वाक्प्रचार आणि आपली उत्तरे

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदुरातल्याच एका संस्थेत पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या निवडीसाठी मुलाखती होत्या आणि इंग्रजीची परीक्षक म्हणून मला बोलावले होते. एका मराठी घरातल्या मुलीने शहरातील जुन्या वाड्यांच्या लाकडी कोरीव कामावर प्रकल्प केला होता. स्वतः काढलेली रेखाटने, मोजमापे, सुतारांशी केलेली बोलणी असे सगळे त्यात होते. मंडळातील एक गृहस्थ मनापासून म्हणाले, ‘‘यू हॅव डन अ फाइन जॉब.’’ मुलगी ओशाळली. म्हणाली, ‘‘नो नो सर, इट इज नथिंग. एनीबडी कॅन डू धिस.’’ गृहस्थांनी पुन्हा एकदा रेखाटनांचे नाव काढले. तिचे उत्तर : ‘‘नो सर, देअर आर मेनी मिस्टेक्स.’’ ती बाहेर गेल्यावर तिच्या नावापुढे ‘आत्मविश्वास कमी, स्वतःच्या कामाची खात्री नाही’ अशी नोंद झाली. त्या नोंदीखाली माझीही सही आहे. तिची निवड झाली नाही.

घरी परतताना रिक्षात माझ्या लक्षात आले की मुलीचे काहीच चुकले नव्हते. तिने मराठीत अगदी योग्य ते उत्तर दिले होते, फक्त शब्द इंग्रजी होते. आणि दोन्ही भाषा जाणणारी त्या खोलीतली परीक्षक मीच होते. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे. आपल्या अभ्यासक्रमात इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या असतात, त्यांचे अर्थ पाठ करवून घेतले जातात. पण कुणी चांगले म्हटले तर काय म्हणायचे याचा धडा कुठे नसतो. तो शिष्टाचार आपोआप येतो असे आपण धरून चालतो. येतो, पण मातृभाषेतला येतो.

मराठीत स्तुतीला पहिले उत्तर बहुधा नकाराचे असते. ‘कसचं कसचं!’, ‘छे हो’, ‘तुमचं आपलं काहीतरीच’, ‘कुठलं काय, घाईघाईत उरकलंय’. हा नकार ऐकून समोरचा माणूस गप्प बसत नाही. तो आणखी जोर लावतो, ‘नाही हो, खरंच सांगतो’. मग दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माणूस हसून मान खाली घालतो किंवा श्रेय दुसऱ्याकडे वळवतो : ‘सासूबाईंनी शिकवलं’, ‘सरांची कृपा’. पंगतीतला आग्रह आठवा. वाढणाऱ्याला पाहुणा ‘नको, नको’ म्हणत हात आडवा धरतो आणि त्या हाताच्या बाजूने जिलबी पानात पडते. त्या ‘नको’चा अर्थ ‘नको’ असा घेणारा यजमान आपल्याकडे अडाणी ठरतो. स्तुतीच्या वेळचा ‘छे हो’ त्याच जातीचा आहे. तो घेण्याचाच एक प्रकार आहे. इंग्रजीत मात्र ‘नो’ उच्चारला की तो नकारच समजला जातो. वर आणखी एक होते : ‘तुमचे काम चांगले आहे’ म्हणणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे म्हणजे त्याला काही समजत नाही असे सुचवणे. त्या मुलीने नम्रतेने स्वतःला खाली घेतले. ऐकणाऱ्याला आपला अभिप्राय झिडकारल्यासारखा वाटला.

या पेचाचा अभ्यास झालेला आहे. अनिता पोमरँट्झ या अमेरिकन संशोधिकेने 1978 साली तो नेमका मांडला. स्तुती ऐकणाऱ्यावर एकाच वेळी दोन बंधने असतात. बोलणाऱ्याशी सहमत व्हावे हे पहिले आणि स्वतःची स्तुती स्वतः करू नये हे दुसरे. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. ‘हो, छानच झालंय’ म्हटले तर दुसरे मोडते, ‘नाही’ म्हटले तर पहिले. जेफ्री लीच यांनी 1983 साली विनयाची जी सूत्रे सांगितली त्यांत दुसऱ्याची वाखाणणी आणि स्वतःची विनम्रता अशी दोन वेगळी सूत्रे आहेत. बंधने सगळीकडे तीच. कोणते आधी सांभाळायचे हे प्रत्येक समाज आपल्यापुरते ठरवतो. आपण विनम्रतेला पुढचा पाट देतो, इंग्रजी सहमतीला देते.

इथे इंग्रजी शिकवणारे आपण एक चूक करतो. ‘स्तुती केली की थँक यू म्हणा’ एवढे सांगून मोकळे होतो, जणू इंग्रज आणि अमेरिकन लोक दिवसभर स्तुती गिळून थँक यू म्हणत असतात. रॉबर्ट हर्बर्ट यांनी अमेरिकन विद्यापीठातल्या प्रत्यक्ष संभाषणांतून हजारावर उत्तरे गोळा केली आणि 1986 साली ती प्रसिद्ध केली. सरळ स्वीकाराची उत्तरे त्यांत सुमारे एक तृतीयांशच निघाली. बाकीची कशी होती? कुणी वस्तूचा इतिहास सांगत होते, कुणी श्रेय दुसऱ्याला देत होते, कुणी उलट स्तुती करत होते, कुणी विचारत होते, ‘‘डू यू रिअली थिंक सो?’’ त्या लेखाचे शीर्षकच मोठे मार्मिक आहे. ‘थँक यू म्हण, नाहीतर काहीतरी म्हण’ असा त्याचा भाव. अमेरिकन आयाही मुलांना हेच सांगत असणार.

इंग्रजीत लाजण्याचे वाक्प्रचारसुद्धा आहेत. नव्या साडीबद्दल आपली वहिनी ‘अगं, जुनीच आहे, कपाटात पडून होती’ म्हणते. इंग्रजी बाई ‘‘व्हॉट, धिस ओल्ड थिंग?’’ म्हणते. दोघीही तितक्याच खोटे बोलत असतात. भेटवस्तू हातात पडली की इंग्रजीत म्हणतात, ‘‘ओह, यू शुडन्ट हॅव!’’ माझ्या एका विद्यार्थ्याने याचा अर्थ ‘तुम्ही असे करायला नको होते’ असा लावला आणि देणारा रागावला असणार असे लिहिले. वास्तविक हे आपले ‘कशाला उगाच एवढं आणलंत?’ आहे. म्हणजे घेताना नाही म्हणण्याची रीत इंग्रजीलाही माहीत आहे. भेटीच्या वेळी ती सहज चालते. मुलाखतीच्या खोलीत किंवा वरिष्ठाने कामाची वाखाणणी केल्यावर चालत नाही. हा फरक वाक्प्रचारांच्या यादीत सापडत नाही, प्रसंगातच सापडतो.

‘कॉम्प्लिमेंट’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. लॅटिन मुळापासून स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच असा प्रवास करत तो इंग्रजीत आला, आणि ‘पूर्ण करणे’ हा त्याचा मूळ भाव. शिष्टाचाराने जे देणे लागतो ते पुरे करणे म्हणजे कॉम्प्लिमेंट. एका अक्षराच्या फरकाचा त्याचा जुळा भाऊ ‘पूरक’ या अर्थी वापरतात आणि उत्तरपत्रिकांत दोघांची कायम अदलाबदल होते. देणे चुकते करण्याचा हा भाव आपल्या ‘कौतुक’मध्ये नाही. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. विवाहात मनगटाला बांधायच्या सूत्रालाही तेच नाव. मराठीने त्या नवलात माया मिसळली. आजी नातवाचे कौतुक करते तेव्हा ती त्याला कॉम्प्लिमेंट देत नसते. ती त्याच्याकडे नुसती पाहत असली तरी कौतुक चालूच असते. आणि ‘फार कौतुक सांगू नकोस’ म्हटले की तोच शब्द चावतो. याला एका शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यात मी बरीच वर्षे घालवली. आता तो नाद सोडला आहे.

इंग्रजी स्तुती त्या मानाने फार साच्यातली असते. जोन मॅनेस आणि नेसा वुल्फसन या दोघींनी अमेरिकेत प्रत्यक्ष ऐकलेल्या 686 स्तुतिवाक्यांचा अभ्यास 1981 साली मांडला. निम्म्याहून अधिक वाक्ये एकाच साच्याची निघाली : अमुक वस्तू ‘इज’ किंवा ‘लुक्स’ अमुक. विशेषणे वापरलेल्या वाक्यांपैकी दोन तृतीयांश वाक्ये ‘नाइस, गुड, ब्यूटिफुल, प्रिटी, ग्रेट’ या पाचच शब्दांवर भागत होती. विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. स्तुती करायला अलंकारिक इंग्रजी लागते हा त्यांचा समज असतो आणि मग ते ‘‘मॅडम, युअर सारी इज मॅग्निफिसंट’’ अशी वाक्ये फेकतात. ‘‘दॅट्स अ नाइस सारी’’ एवढे पुरते. मराठीत आपण विशेषणापेक्षा ‘काय’ या उद्गारावर भिस्त ठेवतो, ‘काय आमटी झालीय!’; किंवा वस्तू सोडून करणाऱ्याच्या हाताकडे वळतो, ‘तुमच्या हाताला चव आहे’. हे दुसरे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले तर काय होईल ते वाचकांनीच पाहावे.

आता वाक्प्रचार. काही दोन्हीकडे सारखे आहेत. पाठ थोपटणे इंग्रजीतही आहे, ‘अ पॅट ऑन द बॅक’. खुशामतीला तिथे लोणी लावतात, ‘टु बटर समवन अप’. आपणही लोणी लावतो आणि मस्का मारतो. टोपीतले पीस, ‘अ फेदर इन वन्स कॅप’, आपल्या वर्तमानपत्रांनी शिरपेचातला मानाचा तुरा करून कधीच वापरून गुळगुळीत केले. पण ‘हॅट्स ऑफ’शी मात्र जपून वागावे. इंग्रज माणूस आदराने टोपी काढतो; आपल्याकडे आदराने जोडे काढत आणि डोके झाकलेले ठेवत. पागोटे उतरणे हा अपमान, ते कुणाच्या पायावर ठेवणे ही लाचारी, आणि ‘टोपी घातली’ म्हणजे तर फसवलेच. तेव्हा ‘हॅट्स ऑफ’चे मराठी ‘मानलं बुवा!’ किंवा ‘दंडवत’. ‘शी ब्रॉट द हाउस डाउन’चे भाषांतर ‘तिने घर पाडले’ असे मी तीनदा तपासले आहे. नाट्यगृहातल्या टाळ्यांचा कडकडाट तिथे अभिप्रेत आहे. ‘यू मेड माय डे’ आमच्याकडे हिंदीच्या दारातून आले, ‘दिन बना दिया’, आणि आता इंदूरची मराठी मुले ‘माझा दिवस बनला’ म्हणतात. मला ते खटकते. ‘फार बरं वाटलं’ काय वाईट होते?

खरी अडचण वर गोड आणि आत तिखट असलेल्या वाक्प्रचारांची. ‘बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट’ म्हणजे उलट्या हाताची स्तुती : ‘‘तुमच्या वयाच्या मानाने तुम्ही छान गाता.’’ याला आपला टोमणा जवळचा, पण टोमणा मारणाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असते; उलट्या हाताची स्तुती पुष्कळदा भाबडेपणानेही होते. ‘डॅम विथ फेंट प्रेज’, म्हणजे क्षीण स्तुती करून माणूस बुडवणे, हा प्रयोग अलेक्झांडर पोप या कवीच्या 1735 सालच्या कवितेमुळे रूढ झाला. शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने तो ओळखून असावे. ‘हस्ताक्षर चांगले, वर्गात वेळेवर येतो’ एवढेच लिहिलेले पत्र परदेशात गेले की विद्यार्थ्याचे नुकसान होते. आपण ते सद्भावनेने लिहितो, वाचणारा त्यातली पोकळी वाचतो. ‘क्वाइट गुड’ही असेच फसवे आहे. ब्रिटिश माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ बहुधा ‘ठीकठाक’, अमेरिकन माणसाच्या तोंडी ‘खूपच चांगले’. उलट ब्रिटिश माणूस ‘नॉट बॅड’ म्हणाला तर खूश व्हावे. हे मराठी माणसाला सांगावे लागू नये. आमच्या घरी वडील कधी ‘बरी झालीय भाजी’ म्हणाले की आई तो पदार्थ पुढच्या आठवड्यात पुन्हा करीत असे.

‘द क्युरेट्स एग’ या वाक्प्रचाराची जन्मकथा तर शिष्टाचारावरच आहे. ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात 1895 साली जॉर्ज ड्यू मॉरिए यांचे एक व्यंगचित्र आले. बिशपच्या टेबलावर न्याहारीला बसलेल्या गरीब, तरुण धर्मोपदेशकाच्या पानात नासके अंडे येते. बिशपच्या ते ध्यानात येते. यजमान एवढा मोठा, की अंडे वाईट आहे असे म्हणायची पाहुण्याची छाती होत नाही. तो घाईघाईने सांगतो की अंड्याचे काही भाग अगदी उत्तम आहेत. नासलेले अंडे काही भागांत नासत नाही, हा विनोद. आज हा प्रयोग ‘थोडे चांगले, थोडे वाईट’ अशा अर्थाने सर्रास होतो, पण मुळात तो खोट्या स्तुतीच्या लाचारीवरचा आहे. परीक्षणे लिहिणाऱ्या आपल्या मंडळींना ते अंडे परिचयाचे असावे.

स्तुती अति झाली तर इंग्रजीत ती गवंड्याच्या थापीने लिंपतात, ‘टु ले इट ऑन विथ अ ट्रॉवेल’. आपण माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. हरभऱ्याचे झाड जेमतेम गुडघ्याएवढे, तेही चढणाऱ्याच्या लक्षात येत नाही, यातली गंमत इंग्रजी थापीला नाही. स्वतःच विषय काढून स्तुती ओढून घेणे म्हणजे ‘फिशिंग फॉर कॉम्प्लिमेंट्स’, गळ टाकून बसणे. सावधगिरीची गोष्ट अशी की आपला प्रामाणिक ‘छे हो’ इंग्रजी कानाला कधीकधी असाच गळ वाटतो. दोनदा नाही म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हिला तिसऱ्यांदा वदवून घ्यायचे आहे.

कशाची स्तुती करावी हेही भाषेगणिक बदलते. ‘तब्येत सुधारलीय तुझी’ हे मावशीचे प्रेम आहे. ते इंग्रजीत नेऊन ‘‘यू हॅव पुट ऑन वेट’’ केले की अपमान होतो. तिथे ‘‘यू हॅव लॉस्ट वेट’’ ही स्तुती, जी ऐकून आपल्या मावशीच्या पोटात कालवेल. तान्ह्या बाळाला आपण ‘किती गुटगुटीत’ म्हणताना ‘दृष्ट नको लागायला’ जोडतो आणि काळी तीट लावतो. इंग्रजीत लाकडाला हात लावून ‘टच वुड’ म्हणतात, ते मात्र बहुधा स्वतःच्या सुदैवाबद्दल. आमच्या शेजारच्या सुनेने मीठमोहऱ्या ओवाळताना ‘टचवुड’ म्हटलेले मी ऐकले आहे. दोन्ही उपाय झाले. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी एक उदाहरण नोंदवले आहे. गोऱ्या बाईने सामोअन मैत्रिणीच्या गळ्यातल्या माळेची स्तुती केली आणि मैत्रीण ती काढून द्यायला निघाली. गोरी बाई गोंधळली. आपल्या घरांतही ‘आवडली? मग ने की’ ऐकू येते, तेव्हा आपण गोंधळू नये. त्याच अभ्यासात नोंदलेल्या स्तुतींपैकी 68 टक्के स्त्रियांनी केलेल्या आणि 74 टक्के स्त्रियांना मिळालेल्या होत्या. पुरुष एकमेकांना काय म्हणतात हा प्रश्न उरतोच. मराठीत बहुधा काही नाही. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषिताचा सल्ला असा की गुरूंची स्तुती समोर करावी, मित्रांची पाठीमागे, सेवकांची काम संपल्यावर आणि मुलांची करूच नये. आमच्या वडिलांच्या पिढीने शेवटचा भाग कसोशीने पाळला. शेजाऱ्यांकडून कळायचे की बाबा आपल्याबद्दल काय बोलतात.

उलट्या दिशेची चूकही मी केली आहे. मुलाखतीच्या प्रसंगानंतर मी वर्गात ‘थँक यू’चा असा धडाका लावला की एका विद्यार्थिनीने तो घरी नेला. आत्या म्हणाली, ‘‘पोळ्या मऊ केल्यास गं.’’ ही म्हणाली, ‘‘थँक यू, आत्या.’’ आत्याने विचारले, ‘‘थँक्यू काय म्हणतेस? मी काय परकी आहे?’’ मुलगी मला विचारायला आली, चूक कुणाची. कुणाचीच नाही; पण आत्याचे बरोबर होते. आभार मानून हिशेब मिटतो, आणि घरात हिशेब मिटवायचा नसतो. अर्थात रीती बदलतात. रोंग चेन यांनी 1993 साली चीनमधल्या शीआन शहरातली उत्तरे तपासली तेव्हा लोक स्तुती जवळजवळ नेहमीच नाकारत होते. त्याच शहरात केलेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत बहुतेक लोक ती स्वीकारू लागले होते. इंदूरच्या आत्याही बदलतील. त्या बदलाव्यात असे मला वाटत नाही, हे सांगून ठेवते.

आता मी वर्गात दोन ठोक्यांचे उत्तर शिकवते. पहिला ठोका ‘थँक यू’, म्हणजे तुमचा अभिप्राय मी घेतला. दुसऱ्या ठोक्यात आपली मराठी नम्रता जशीच्या तशी, पण ‘नो’ शिवाय : ‘‘थँक यू, सर. द कार्पेंटर्स टॉट मी अ लॉट.’’ सुतारांनी मला पुष्कळ शिकवले. त्या मुलीला एवढे एकच वाक्य कुणी आधी दिले असते तर सुतारांचा मानही राहिला असता आणि तिचाही. हे इंग्रजांचे अनुकरण नव्हे. मैफलीत गवयाला मधेच ‘क्या बात है’ अशी दाद मिळते, तेव्हा तो गाणे थांबवून ‘छे छे’ म्हणत नाही. हात कपाळाशी नेतो, गाणे पुढे चालू. गुरूचे नाव घेतले की कानाच्या पाळीला हात लावतो. दाद घेतली गेली आणि जिथे पोचायची तिथे पोचवलीही गेली. मुलांना हे उदाहरण दिले की दुसरा ठोका लगेच समजतो. पहिल्याला वेळ लागतो. ‘नो’ जिभेवर आधी येतो. तो गिळण्याचा सराव जोड्या करून, मोठ्याने, हसत-खिदळत करावा लागतो. यादी देऊन होत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दिलेल्या गृहपाठात प्रत्येकाने घरात ऐकलेली एक स्तुती आणि तिचे उत्तर लिहून आणायचे होते, आणि शेजारी त्याचे इंग्रजी. एका मुलाने लिहिले होते : ‘मी आजीला म्हणालो, चकल्या मस्त झाल्यात. आजी म्हणाली, भाजणी जरा जाडच दळली गेलीय या खेपेला. आणि माझ्या ताटलीत आणखी दोन ठेवल्या.’ इंग्रजीच्या रकान्यात त्याने भाजणीला शब्द शोधलेला दिसत होता, दोनदा खोडलेले होते. शेवटी त्याखाली एवढेच होते : ‘‘थँक यू. हॅव टू मोअर.’’